आत्मचरित्रं वाचायची तर जोडीनं वाचा

आत्मचरित्र विकत घेताना बहुतेक जण कव्हरावरचं नाव बघतात. आवडता नट, गाजलेला उद्योगपती, निवृत्त अधिकारी. बालपणाची पानं गोडीनं वाचून होतात, मग पदं, पुरस्कार आणि सत्कार सुरू होतात आणि पुस्तक उशाशी पडून राहतं ते राहतंच. माणूस मोठा म्हणून पुस्तक चांगलं, असा काही नियम नाही. मराठीतलं सर्वांत वाचनीय आत्मचरित्र ज्या बाईंनी लिहिलं, त्यांनी लहानपणी शाळेचं तोंडही पाहिलं नव्हतं.

मराठी वाचकाची या बाबतीत चैन आहे. वरसईच्या भिक्षुकापासून फलटणच्या महारवाड्यातल्या बाईपर्यंत इतक्या निरनिराळ्या माणसांनी इथे स्वतःबद्दल लिहून ठेवलंय, की दोन-तीन वर्षं दुसरं काही वाचलं नाही तरी चालेल. अडचण असते ती कुठून सुरुवात करायची आणि पुस्तकावर किती विश्वास ठेवायचा याची. माझी पद्धत साधी आहे. एक पुस्तक सुटं वाचायचं नाही, त्याला जोडीदार शोधायचा. शिवाय प्रत्येक पुस्तकाला तीन प्रश्न विचारायचे: प्रत्यक्ष लिहिलं कोणी, घटना घडल्यावर किती वर्षांनी लिहिलं, आणि छापून आलं तेव्हा त्यातलं कोण कोण हयात होतं.

सुरुवात लक्ष्मीबाईंपासून

पहिलं पुस्तक ‘स्मृतिचित्रे’. यावर मी वाद घालत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या या आठवणींचा पहिला भाग १९३४ साली आला. कवी नारायण वामन टिळकांनी फेब्रुवारी १८९५ मध्ये मुंबईत ख्रिस्ती धर्म स्वीकारला, आणि सोवळ्याओवळ्यात वाढलेल्या त्यांच्या बायकोपुढे आयुष्य कसं काढायचं हा प्रश्न उभा राहिला. काही वर्षं ती माहेरच्या माणसांकडे राहिली, मग नवऱ्याकडे परतली आणि १९०० साली तिनं स्वतःही बाप्तिस्मा घेतला. एवढ्या मजकुरावर एखाद्यानं रडकं पुस्तक लिहिलं असतं. लक्ष्मीबाई हसवतात. घरात किराणा नसताना पैसे भलत्याच गोष्टीवर उडवून येणारा, मनात आलं की घर सोडून चालता होणारा हा कवी-नवरा त्यांनी अशा तटस्थ मिश्किलपणानं रंगवलाय, की त्याचा रागही येतो आणि लोभही वाटतो.

वाचताना एका गोष्टीकडे लक्ष ठेवा. पुस्तकाच्या सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांच्या, नानांच्या सोवळ्याची हकीकत येते. १८५७च्या धामधुमीत जवळच्या नात्यातल्या माणसाला फाशी झाली, त्याचा नानांच्या मनावर परिणाम झाला आणि पुढे घरात येणारी वस्तू धुतल्याशिवाय चालेनाशी झाली. लक्ष्मीबाईंनी हा विक्षिप्तपणा गमतीनं सांगितलाय. पण पाणी वाहून आणि वस्तू धुवून दमणाऱ्या बायका त्या गमतीच्या मागे सतत दिसत राहतात. आता हे सोवळं त्यांच्या स्वतःच्या अंगातून कसं जातं ते पुढच्या भागांत शोधा. धर्म बदलला त्या दिवशी ते गेलं नाही. कोणाच्या हातचं पाणी आधी चाललं, कोणाच्या हातचं जेवण नंतर, हे त्या लपवत नाहीत. स्वतःच्या मनातली घाण इतक्या सहज दाखवणारं लेखन मराठीत थोडं आहे.

पुस्तक घेताना संपूर्ण आवृत्ती घ्या. संक्षिप्त आवृत्त्या मिळतात, पण त्यात आधी जातात ते बारीकसारीक घरगुती प्रसंग, आणि पुस्तकाचा जीव तिथेच आहे.

आवृत्तीचं पान आधी उघडा

आतल्या ज्या पानावर बारीक अक्षरात आवृत्ती आणि साल छापलेलं असतं, ते पान आपण नेहमी उलटून टाकतो. आत्मचरित्राच्या बाबतीत ते सर्वांत आधी वाचायचं. का, ते गोडसे भटजींच्या ‘माझा प्रवास’वरून कळतं.

विष्णुभट गोडसे हे तेव्हाच्या कुलाबा, आताच्या रायगड जिल्ह्यातल्या वरसईचे भिक्षुक. घरावर कर्ज होतं, उत्तरेत दानधर्म होणार अशी बातमी होती, म्हणून ते काकांबरोबर निघाले आणि नेमके १८५७च्या बंडात सापडले. झाशीला वेढा पडला तेव्हा ते शहरात होते. लिहिलं मात्र पंचविसेक वर्षांनी, चिंतामण विनायक वैद्यांच्या सांगण्यावरून. वैद्यांनी ते छापलं १९०७ साली, तोवर भटजी हयात नव्हते. वैद्यांनी हस्तलिखितात फेरफार केले, काही गाळलं, भाषा सफाईदार केली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम पाठ वाचकांच्या हाती आला तो दत्तो वामन पोतदारांनी १९६६ मध्ये छापला तेव्हा. म्हणजे जवळजवळ साठ वर्षं महाराष्ट्र जे पुस्तक वाचत होता, ते भटजींचं होतं आणि वैद्यांचंही होतं.

तेव्हा दुकानात ‘माझा प्रवास’ हातात आलं की प्रस्तावना उघडून हा पाठ कुठला ते बघा. मूळ पाठाची भाषा सुरुवातीला अडखळवते. दहा-बारा पानं नेटानं वाचा, मग कान तयार होतो.

इतिहासाच्या पुस्तकात न मिळणाऱ्या गोष्टी इथे आहेत. पराभवानंतर रानात, एका विहिरीपाशी भटजींना झाशीची राणी पुन्हा दिसते, धुळीनं माखलेली, तहानलेली. भटजी पाणी काढून द्यायला पुढे होतात. विद्वान ब्राह्मणानं आपल्यासाठी पाणी काढू नये म्हणून ती त्यांना थांबवते, स्वतः पाणी ओढते आणि ओंजळीनं पिते. आता दुसऱ्या प्रश्नाकडे या: हे पंचविसेक वर्षांनी आठवून लिहिलेलं आहे. शब्द न् शब्द तसाच बोलला गेला असेल का? मला वाटतं, संवादावर फार भार देऊ नये. विहीर, धूळ आणि ओंजळ यांच्यावर द्यावा. माणूस बोलणं विसरतो, पाहिलेलं सहसा विसरत नाही.

एकच घर, दोन पुस्तकं

जोडीनं वाचण्याचा उत्तम धडा म्हणजे कर्वे पतिपत्नी. धोंडो केशव कर्व्यांचं ‘आत्मवृत्त’ १९१५ साली आलं. आनंदीबाईंचं, म्हणजे बायांचं, ‘माझे पुराण’ १९४४ साली. अण्णासाहेबांचं पुस्तक त्यांच्यासारखंच आहे: सरळ, कोरडं, हिशेबी. परीक्षेसाठी मुरुडहून साताऱ्यापर्यंत डोंगर ओलांडत चालत गेले आणि तिथे वय लहान दिसतं म्हणून परीक्षेलाच बसू दिलं नाही, हा प्रसंगसुद्धा ते फार न पाघळता सांगून मोकळे होतात.

बाया मुळात बालविधवा, पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकलेल्या. ११ मार्च १८९३ रोजी त्यांचा पुनर्विवाह झाला आणि मुरुडकरांनी बहिष्कार घातला. हा भाग आधी ‘आत्मवृत्ता’त वाचा, लगेच ‘माझे पुराण’ उघडून तोच काळ शोधा. मग पुढचा काळ: संस्था उभी राहतेय, अण्णासाहेब मिळकत आणि वेळ संस्थेला देतायत, आयुष्याच्या विम्याची पॉलिसीसुद्धा संस्थेला देऊन टाकतायत. त्यांच्या पुस्तकात हा त्याग आहे. बायांच्या पुस्तकात हे घर चालवायचं कसं हा प्रश्न आहे. दोघांपैकी खोटं कोणीच बोलत नाही. नवऱ्याचं मोठेपण बाया मान्य करतात आणि त्याची किंमत कोणी मोजली तेही सांगतात.

सलग एक, मग सलग दुसरं असं वाचू नका. दोन्ही शेजारी ठेवून वर्षावर्षांनी पुढे जा. वेळ लागतो, पण ही सवय एकदा लागली की कुठल्याही ‘थोर’ आत्मचरित्रात स्वयंपाकघर कुठे आहे ते आपोआप शोधलं जातं.

तेव्हा कोण हयात होतं?

या एका प्रश्नानं पुस्तकाची निम्मी किल्ली मिळते. रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० सालचं; त्यांचे पती न्यायमूर्ती रानडे १९०१ साली गेले. लक्ष्मीबाईंचं पुस्तक आलं तेव्हा टिळक जाऊन पंधरा वर्षं झाली होती. उलट सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा पु. ल. हयात होते आणि सबंध महाराष्ट्राचे लाडके होते. मल्लिका अमरशेख यांचं ‘मला उद्ध्वस्त व्हायचंय’ १९८४ सालचं, तेव्हा नामदेव ढसाळ हयात होते आणि चळवळीतलं मोठं नाव होते. नवरा गेल्यावर लिहिणं आणि तो समोर असताना लिहिणं यांत धोका वेगळा, सूरही वेगळा.

रमाबाईंच्या पुस्तकात आणखी एक गंमत आहे. न्यायमूर्तींच्या मृत्यूपाशी पुस्तक थांबतं. त्यानंतर रमाबाई १९२४ पर्यंत जगल्या, सेवासदनासारखी संस्था त्यांनी उभी केली, पण शीर्षकातलं ‘आमच्या आयुष्या’तलं दुसरं माणूस गेल्यावर त्यांच्या लेखी सांगण्यासारखं काही उरलं नव्हतं. त्या स्वतः इंग्रजी शिकत होत्या आणि घरातल्या बायका त्यावरून त्यांना टोचून बोलत होत्या, ती पानं मात्र चुकवू नका. विरोध घराबाहेरच्या सनातन्यांकडून होता तेवढाच माजघरातूनही होता.

बलुतं, जिणं, आयदान, उपरा

दलित आणि भटक्या समाजातल्या लेखकांची आत्मकथनं हा मराठीनं भारतीय साहित्याला दिलेला सर्वांत मोठा ऐवज आहे असं मी मानतो. आणि ती वाचण्याची सर्वांत वाईट रीत म्हणजे हळहळण्यासाठी वाचणं. ‘काय सोसलं हो या लोकांनी’ म्हणून पुस्तक मिटलं की वाचक मोकळा होतो. त्याऐवजी काम शोधत वाचा: कोण कुठलं काम करत होतं, त्याबद्दल काय मिळत होतं, ते काम नाकारलं तर काय होत होतं.

दया पवारांचं ‘बलुतं’ (१९७८) इथलं पहिलं पुस्तक. रचनाच वेगळी आहे: दगडू मारुती पवार हा दया पवारला आपली गोष्ट सांगतो. म्हणजे नाव कमावलेला लेखक आणि धामणगावचा पोर अशी एकाच माणसाची दोन रूपं समोरासमोर बसलीयेत. महारकीची कामं त्यात नोंदवलीयेत. सारा तालुक्याला पोचवणं, गावात येणाऱ्या अंमलदाराच्या घोड्यापुढे पळणं, मयताची खबर गावोगाव देणं. या कामांना वेळापत्रक नव्हतं, मिळायचं ते बलुतं. नंतर कावाखाना येतो, म्हणजे ते राहत होते ती मुंबईतली वस्ती, आणि तिथे लेखक स्वतःच्या माणसांबद्दल, स्वतःबद्दलही, निर्दयपणे खरं बोलतो.

त्याला जोडीदार बेबीताई कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ (१९८६). बेबीताई फलटणच्या. छोटं दुकान चालवता चालवता, घरच्यांपासून लपवून त्या लिहीत राहिल्या. ‘बलुतं’मध्ये ‘मी’ दुभंगलेला आहे, इथे ‘आम्ही’ आहे: सगळा महारवाडा, आणि त्यातही बायका. गावानं केलेला जाच आहेच, पण सासूनं सुनेचा केलेला जाचही आहे, आणि तो सांगताना बेबीताई कोणाला सूट देत नाहीत. शिकून पुढे गेलेल्यांनाही नाही.

दुसरी जोडी मला स्वतःला फार आवडते. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ (१९८०, साहित्य अकादमी पुरस्कार १९८१) आणि उर्मिला पवार यांचं ‘आयदान’ (२००३). दोन्हींत विणकाम आहे. ‘उपरा’मधलं कैकाडी कुटुंब गाढवांवर बिऱ्हाड लादून गावोगाव हिंडतं, फोक तोडून आणतं आणि टोपल्या-कणग्या विणतं. ‘आयदान’मधली आई कोकणातल्या घरात बसून बांबूची आयदानं विणते. हातातलं काम जवळपास सारखंच. पण एकीकडे मुक्काम उठला की शाळा सुटते, दुसरीकडे घर आणि शाळा एका जागी आहेत आणि मुलगी शिकून पुढे मुंबईला जाते, स्त्री-चळवळीत पडते. चळवळ करणाऱ्या घरातसुद्धा बाईनं किती लिहावं यावर काय बोललं जातं, ते ‘आयदान’च्या उत्तरार्धात आहे.

बोलीला घाबरू नका. अडलेलं वाक्य मोठ्यानं वाचा; डोळ्याला न कळलेला शब्द कानाला बहुधा कळतो. आणि तीन-चार आत्मकथनं एका दमात संपवण्याचा पण करू नका, चौथ्यापर्यंत मन बधिर होतं. मध्ये काहीतरी निराळं घ्या. जयंत नारळीकरांचं ‘चार नगरांतले माझे विश्व’ अशा वेळी चांगलं: वाराणसी, केंब्रिज, मुंबई, पुणे, स्वच्छ भाषा आणि कमी आवाज.

सांगितलेलं आणि रचलेलं

काही आत्मचरित्रं लिहिलेली नसतात, सांगितलेली असतात. हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ (१९७०) आधी ‘माणूस’ साप्ताहिकात आलं, त्यांनी सांगितलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलं. नाव घेतलं त्यांच्या गाजलेल्या १९५९च्या तमाशापटाचं. अशा पुस्तकात विचारायचं ते हे: हे वाक्य बाईंचं की पत्रकाराचं? जिथे प्रसंग तुटक येतो, एखादी गोष्ट अर्ध्यावर सोडून दुसरीच सुरू होते, तिथे बहुधा त्या स्वतः बोलतायत. ‘सांगत्ये ऐका’चं बळ हे की साधूंनी तो तुटकपणा घासूनपुसून काढला नाही. श्याम बेनेगलांचा ‘भूमिका’ (१९७७) या पुस्तकावर बेतलेला आहे. आधी पुस्तक वाचा, मग सिनेमा बघा.

याच्या दुसऱ्या टोकाला आनंद यादवांचं ‘झोंबी’ (१९८७). ही आत्मचरित्रात्मक कादंबरी आहे, म्हणजे आयुष्य खरं पण मांडणी कादंबरीकाराची. कागलचा एक पोरगा, त्याला शेतात जुंपणारा बाप, आणि गावातल्या वजनदार माणसाकडे मुलाच्या शाळेसाठी रदबदली करायला गेलेली आई. याला ‘हे खरंच असं घडलं का’ हा प्रश्न फार ताणून विचारू नका. ऊस, मोट, पाण्याची पाळी, बापाचा मार हे सगळं जिथे बारकाईनं येतं तिथे लेखक साक्षीदार आहे. प्रसंग जिथे चढत चढत नेमक्या शिखरावर थांबतो तिथे कादंबरीकार आहे. दोघांचाही मान राखावा.

शेजारी एक वही

वाचताना शंभर पानी वही जवळ ठेवा आणि पानाचे तीन भाग करा. पहिल्यात साल आणि लेखकाचं वय. आत्मचरित्रकार साल सांगायला आळशी असतात, एकदा जन्मसाल लिहून ठेवलं की बाकी गणितानं निघतं. लक्ष्मीबाईंचं जन्मसाल १८६८. ते डोळ्यासमोर असलं की नवरा ख्रिस्ती झाला तेव्हा ही बाई अवघी सत्तावीस वर्षांच्या आतबाहेरची होती हे जाणवतं, आणि वाचताना मनात बसलेली पोक्त लक्ष्मीबाई एकदम तरुण होते.

दुसऱ्या भागात पैसा. कोणाला किती मिळाले, कर्ज कोणाचं, फी कोणी भरली. गोडसे भटजींचा प्रवास नुसता पैशाच्या अंगानं मांडून बघा: घरावर कर्ज, म्हणून बाहेर पडणं, दक्षिणा जमणं, पुन्हापुन्हा लुटलं जाणं, आणि शेवटी पैसा नाही तर खांद्यावर गंगेची कावड घेऊन घरी येणं. झाशीचा वेढा एवढाच भाग लोकांना आठवतो. वहीत मात्र एका कर्जबाजारी घरची गोष्ट उरते.

तिसरा भाग न सांगितलेल्या गोष्टींचा. दहा वर्षं एका परिच्छेदात संपली, भावाचं नाव अचानक यायचं थांबलं, मुलगा गेला तो एका ओळीत, की तिथे पानाचा आकडा टाका. जोडीदार पुस्तकात या जागा भरलेल्या सापडतात, निदान काही तरी.

पुस्तकं मिळवायची कुठून

सगळी विकत घ्यायची गरज नाही. पुण्याचं नगर वाचन मंदिर (१८४८), ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३), मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९८) अशा जुन्या वाचनालयांत यातली बहुतेक असतात. चरित्र आणि आत्मचरित्र एकाच कपाटात सरमिसळ ठेवलेली असतात, त्यामुळे कपाटापुढे उभं राहून शोधण्यापेक्षा लेखकाच्या नावानं यादीत बघा.

भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी लेखनावरचा हक्क संपतो. त्या हिशेबानं रमाबाई रानडे, लक्ष्मीबाई, आनंदीबाई आणि १९६२ साली वारलेले अण्णासाहेब कर्वे, या सगळ्यांचा मूळ मजकूर आता मुक्त आहे. मराठी विकिस्रोत आणि जुन्या ग्रंथांच्या डिजिटल संग्रहांत शोधून बघा. नव्या आवृत्तीची प्रस्तावना आणि टिपा मात्र त्या संपादकाच्या असतात, त्या मुक्त नसतात. जुन्या प्रतीची छायाचित्रं मोबाइलवर वाचणं म्हणजे डोळ्यांना शिक्षा, टॅबलेट असेल तर तो वापरा. दलित आत्मकथनं मात्र विकत घ्या. ती पुन्हापुन्हा उघडली जातात, आणि ती छापत राहणाऱ्या प्रकाशकांना त्याची गरज असते.

घरातली पुढची पिढी मराठी बोलते पण वाचत नाही, अशी घरं पुण्यात आहेत तशी न्यू जर्सीतही आहेत. त्यांच्यासाठी इंग्रजी अनुवाद आहेत: ‘बलुतं’चा जेरी पिंटो यांनी केलाय, ‘जिणं आमुचं’ आणि ‘आयदान’चा माया पंडित यांनी, ‘स्मृतिचित्रे’चा शांता गोखले यांनी. अनुवाद त्यांच्या हाती द्या, मराठी पुस्तक तुम्ही घ्या, आणि एकेक प्रकरण मोठ्यानं वाचून दाखवा. पहिल्या खेपेला लक्ष्मीबाईंच्या नानांचं प्रकरण निवडा. बारा-तेरा वर्षांच्या मुलांनाही ते कळतं, आणि घरात आजी असेल तर वाचन थांबवून ती स्वतःच्या सासरचं सोवळं सांगायला बसेल. तेव्हा वही जवळ असू द्या.